गर्भाशयमुखाचा कॅन्सर, स्टेज १बी१. दोन डॉक्टर, दोन सल्ले. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. इथे माझा जुना आयडी आहे, पाककृतींच्या धाग्यांवर वाद घालणारा. हा नवा काढलाय, कारण माझी नणंदही इथे वाचते.

वय ३५. राहते छत्रपती संभाजीनगरला, माहेर केज तालुक्यातलं. मुलगी सहा वर्षांची. जूनमध्ये तांबी काढायला गेले होते, दुसऱ्या मुलाचा विचार होता म्हणून. डॉक्टरबाईंनी सहज विचारलं, "मध्येच लाल जातं का?" जायचं. संबंधानंतर दोन-चार थेंब, वर्षभर तरी. मी ते तांबीच्या खात्यावर टाकून मोकळी झाले होते. त्यांनी पॅप स्मिअर घेतला (पिशवीच्या तोंडाच्या पेशी तपासतात तो), पुढे कॉल्पोस्कोपी करून, म्हणजे भिंगातून बघून, तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट आला स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे या कॅन्सरचाच एक प्रकार. एमआरआयमध्ये गाठ १.४ सेंमी, आजूबाजूला पसरलेली नाही, लिम्फ नोड (लसिकाग्रंथी) वाढलेल्या दिसत नाहीत. म्हणजे सुरुवातीची स्टेज, १बी१.

पहिल्या हॉस्पिटलात सर्जन सात मिनिटं बोलले. लॅप्रोस्कोपीने, म्हणजे दुर्बिणीने, रॅडिकल हिस्टेरेक्टॉमी (पिशवी, तिचं तोंड, योनीचा वरचा भाग आणि बाजूच्या ऊती सगळं काढायचं), बारीक छिद्रं, तिसऱ्या दिवशी घरी, आणि "मंगळवारी ओटी रिकामी आहे." अंडाशयं पण काढून टाकू म्हणाले, उगाच जोखीम कशाला. आम्ही अजून खुर्चीत नीट बसलोही नव्हतो आणि काउंटरवर इन्शुरन्सचा फॉर्म तयार होता.

आतेबहिणीने ढकललं म्हणून दुसरीकडे गेलो. या बाई कॅन्सर सर्जन, फक्त बायकांचेच कॅन्सर बघतात. चिठ्ठीच्या मागे पिशवीचं चित्र काढून चाळीस मिनिटं समजावलं. दुर्बिणीला त्यांनी थेट नकार दिला. २०१८ साली मोठा अभ्यास आला, त्यात याच ऑपरेशनच्या दोन पद्धती ताडून पाहिल्या. साडेचार वर्षांनी पोट उघडून ऑपरेशन केलेल्यांपैकी ९६.५ टक्के जणींना आजार परत आलेला नव्हता, दुर्बिणीवाल्यांमध्ये ८६ टक्के. अंडाशयांना हात लावायचं काही कारण नाही म्हणाल्या, या वयात आणि या प्रकारात ती सहसा ठेवतात. मग पेन खाली ठेवून विचारलं, "आणखी मूल हवंय का?" हवं असेल तर ट्रॅकेलेक्टॉमी होऊ शकते. म्हणजे पिशवीचं तोंड, योनीचा वरचा भाग आणि बाजूच्या ऊती काढायच्या, पिशवी ठेवायची, तिला खालून टाका घालायचा. मूल झालं तर सिझेरियनच, आणि दिवस भरायच्या आत होण्याची भीती असतेच. नको असेल तर, गाठ खोल गेलेली नसल्यास, कदाचित साधी पिशवी काढूनही भागेल, रॅडिकल लागणार नाही. त्यावर २०२४ मध्ये अभ्यास आलाय. "पण तुमच्या रिपोर्टमध्ये खोली कुठे लिहिलीय?" नव्हतीच लिहिलेली.

तेव्हापासून डोकं चालत नाही. आमच्या भागात पिशवी काढणं म्हणजे दाढ काढल्यासारखं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका तिशीच्या आत काढून घेतात. २०१९ला बीडची बातमी देशभर गाजली तेव्हा आई म्हणाली होती, यात नवीन काय. आताही तिचं तेच, काढून टाक, सुटशील. सासूबाईंचं म्हणणं, एक पोरगा होऊ दे, मग काय ते कर. त्यांना स्टेज वगैरे समजावायची ताकद माझ्यात नाही. नवरा म्हणतो, तू म्हणशील ते. चांगला आहे तो, पण रिपोर्टमध्ये एचपीव्ही (संबंधांतून पसरणारा, या कॅन्सरमागचा विषाणू) वाचल्यापासून रात्री मोबाइल घेऊन गॅलरीत बसतो. मला काही विचारत नाही, आणि विचारत नाही हेच जास्त लागतं.

मला कळत नाही की दुसरं मूल मला हवंय, का ते काढून घेतलं जाणार म्हणून आता हवंसं वाटतंय. ज्यांनी यातलं काहीही केलंय त्यांनी कृपया लिहा. रॅडिकल केल्यावर रोजचं जगणं कसं असतं? मंगळवार हुकवला तर काही बिघडेल का? दुसऱ्या बाई म्हणाल्या, दोन-तीन आठवड्यांनी काही बिघडत नाही, पण भीती जात नाही. धीर देणारे प्रतिसाद नकोत असं नाही, पण माहिती आधी.

प्रतिसाद

काचपट्टी : मी पॅथॉलॉजिस्ट आहे, तुमची केस पाहिलेली नाही, हे ध्यानात ठेवून वाचा. कॉल्पोस्कोपीचा तुकडा ज्वारीच्या दाण्याएवढा असतो, त्यातून खोली ठरवता येत नाही. कोन बायोप्सीत (पिशवीच्या तोंडाचा शंकूसारखा मोठा तुकडा काढतात) ठरते, आणि एमआरआय वाचणाऱ्याला विचारलं तर पिशवीच्या तोंडाच्या भिंतीचा किती भाग गाठीने व्यापलाय तेही सांगता येतं. अर्ध्याहून कमी का जास्त, हा प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या. दुसरा प्रश्न लसवाहिन्यांत पेशी शिरल्यात का. रिपोर्टमध्ये तो एलव्हीएसआय नावाने असतो. तुम्ही म्हणता तो २०२४चा अभ्यास दोन सेंमीपर्यंतच्या आणि उथळ गाठींचाच होता. त्यात तीन वर्षांत ओटीपोटात आजार परत येण्याचं प्रमाण साध्या ऑपरेशननंतर २.५ आणि रॅडिकलनंतर २.२ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. तुम्ही त्या गटात बसता की नाही, हे खोली कळल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. म्हणून मंगळवार सोडा. स्लाइड आणि तुकडा ज्यात जपून ठेवतात ते मेणाचे ब्लॉक लॅबमधून मागून घ्या आणि टाटाला किंवा दुसऱ्या मोठ्या कॅन्सर सेंटरला पुन्हा वाचून घ्या.

निळीशाई : माझं २०२१ला झालं, नागपूरला, पोट उघडून रॅडिकल. तेव्हा वय ४१. खरं सांगते. लघवीची नळी घेऊन घरी आले, पंधरा दिवस लघवीची पिशवी गाऊनला सेफ्टी पिनने अडकवून फिरायचे. नळी काढल्यावर लघवीची जाणीवच होत नव्हती, घड्याळ लावून दर तीन तासांनी जायचं. हळूहळू आली, पण पूर्वीसारखी नाही. बद्धकोष्ठ कायमचं पाहुणं. डावा पाय सुजतो, लांबच्या बसप्रवासात जास्त. संबंधांना आठ महिने लागले आणि योनी आखूड झालेली कळते, हे डॉक्टर आधी सांगत नाहीत, तुम्ही विचारा.

आणि एक. माझ्या नोडमध्ये ऑपरेशननंतर पेशी निघाल्या, म्हणून वर पाच आठवडे रेडिएशन आणि दर आठवड्याला सिस्प्लॅटिनची केमो. ऑपरेशन आणि रेडिएशन दोन्ही अंगावर घेतलं की त्रास जमा होतो. रेडिएशन लागणारच असेल तर कापाकापी टाळून थेट तेच देतात. तेव्हा सर्जनला हेच विचारा, ऑपरेशननंतर रेडिएशन लागण्याची शक्यता माझ्या बाबतीत किती? आणि नोड आधी काढून तिथल्या तिथे तपासणार का? मी विचारलं नव्हतं.

अनुभवी_५२ : ताई, घाई करू नका. माझ्या मावसभावाची गाठ वैद्यांच्या काढ्याने तीन महिन्यांत विरघळली.

चहाबाज : मावसभावाच्या गर्भाशयमुखाची?

तेरणाकाठ : गॅलरीत बसणाऱ्या नवऱ्यासाठी लिहितोय, मीही बसलोय तसा. एचपीव्ही बहुतेक सगळ्यांना आयुष्यात कधीतरी होतो आणि बहुतेकांचा आपोआप जातो. ज्यांचा राहतो त्यांच्यातल्या काहींना दहा-वीस वर्षांनी हे होतं. कोणाकडून आला, कधी आला, हे सांगणारी तपासणी नाही. पुरुषांसाठी तर नेहमीची चाचणीच नाही. म्हणजे तुम्ही दोघांनीही एकमेकांची उलटतपासणी घेऊन हाती काही लागणार नाही. हे त्याला डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, तुमच्या नको.

माझी आई उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) या कॅन्सरच्या त्या मोठ्या तपासणीतली. १९९९ नंतर बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलची माणसं गावोगाव यायची, सव्वा लाखाहून जास्त बायका होत्या त्यात. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आले, असं २००९ला छापून आलं. गावात तेव्हा बायका लपून बसायच्या, आईला सरपंचाच्या बायकोने हाताला धरून नेलं. लवकर सापडलं, बार्शीलाच उपचार झाले. आज ती बहात्तरीची आहे आणि सुनेला भाकरी नीट थापता येत नाही म्हणून रोज बोलते. तुमच्या मुलीला नऊ पूर्ण झाली की एचपीव्हीची लस द्या, आमच्या दोन्ही मुलींना दिली.

मूळ धागाकर्ती : सगळ्यांचे आभार. चहाबाज, तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसले.

मंगळवार रद्द केला. फोनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, कॅन्सर आहे, वाट बघत नाही तो." हात थरथरत होते, पण रद्द केला. तेरणाकाठ यांचा प्रतिसाद नवऱ्याला दाखवला नाही, त्याला सोबत घेऊन दुसऱ्या बाईंकडे गेले आणि तोच प्रश्न विचारला. परत येताना गाडीत तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मला वाटलं माझ्यामुळे झालं." मी महिनाभर समजत होते की तो माझ्यावर संशय घेतोय.

कोन बायोप्सी येत्या शुक्रवारी आहे. खोली कळली की मुलाचा प्रश्न पुन्हा काढू, त्याआधी घरात कोणी काढायचा नाही, असं त्याने स्वतः आईला सांगितलं. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी डिंकाचे लाडू करून दिले.

पुढच्या महिन्यात मुंबईला टाटाला जायचं ठरतंय. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत नातेवाइकाला जागा मिळते का, कोणी अलीकडे राहिलंय का? शिवाय लॅबवाल्याने स्लाइड दिल्या, पण ब्लॉकसाठी लेखी अर्ज मागतोय. काचपट्टी, त्या अर्जात नेमकं काय लिहायचं?