पावडर दुधाची बॅच परत मागवलीय, आमचा डबा निम्मा संपलाय

जिंतूरची_आई: पाच महिन्यांच्या पोरीला वरचं दूध म्हणून पावडर चालू आहे. काल नणंदेनं कंपनीची नोटीस पाठवली, जिवाणूंच्या शंकेवरून काही बॅच परत मागवल्यात. डबा उलटा करून बघितला तर आमचाच नंबर. दुकानदार म्हणतो, "काही होत नाही ताई, उकळून पाजा." सासूबाई म्हणतात, म्हशीच्या आंबोणात टाक. पोरगी खेळतीय, त्रास काही नाही. बिल सापडंना. काय करू?

गोलाईतला_किराणा (लातूर): ताई, आधी पाजणं बंद. मी बी दुकानदारच आहे, 'उकळून पाजा' म्हणणं आमचं काम नाही. माल परत मागवायचे एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१७ चे नियम आहेत. ती बॅच विक्रीतून काढायची, वेगळी ठेवायची, वितरकाला परत द्यायची, बस्स. वितरकाचा माणूस फोनवर नंबर सांगतो, मग आमचं पोरगं स्टुलावर चढून एकेक डबा उलटा करतं. शाई पुसट असली की मोबाइलची बॅटरी तिरपी धरायची, अन् शून्य आहे का आठ यावर आमचा वाद!
बिल नसू द्या, डब्यावरच्या ग्राहक क्रमांकावर फोन लावा. फोटो काढून डबा चमच्यासकट पिशवीत बांधून ठेवा. म्हशीला घालू नका, पुरावा तोच आहे.

सिस्टर_अंबाजोगाई: साल्मोनेला, क्रोनोबॅक्टर हे जिवाणू उष्णतेनं मरतात. म्हणूनच डब्ल्यूएचओ एरवीसुद्धा पावडर किमान ७० अंशांच्या पाण्यात कालवून, मग निववून पाजायला सांगते. पण बॅसिलस सेरियस या जिवाणूनं आधीच विष सोडलेलं असलं तर ते उकळूनही जात नाही. त्यामुळं हा डबा नकोच. बाटल्या उकळून घ्या. ताप आला, बाळ मलूल पडलं, दूध ओढेना किंवा उलट्या सुरू झाल्या तर सकाळची वाट बघू नका. डॉक्टरांना नोटीस दाखवा.

जिंतूरची_आई: फोन लागला, डबा परत नेणार म्हणाले. दुसरी पावडर डॉक्टरांना विचारून आणली. सासूबाई विचारतात, उपवासाच्या भगरीच्या पिठाला असा नंबर कामून नसतो?

गोलाईतला_किराणा (लातूर): सुट्ट्या पिठाला कुठला नंबर! महाशिवरात्रीला नांदेड-हिंगोलीकडून भगरीच्या विषबाधेच्या बातम्या येतातच. तिथं दोष बहुतेक वेळा बुरशीचा. पण परत मागवायचं कुणाकडून? पीठ कोणत्या गोणीतलं, हे विकणाऱ्यालाच ठाऊक नसतं. माझ्याच दुकानात सुटं पीठ मागणारे जास्त, चार रुपये वाचतात म्हणून. आमच्या घरी मात्र पाकीटबंद अख्खी भगर, निवडून मिक्सरला लावलेली.