मदत हवी आहे: टाटाजवळच्या कॅन्सर पेशंटसाठी नेमकं काय न्यावं?

आमचं डोंबिवलीचं भजनी मंडळ आहे, सगळ्या साठीच्या आसपासच्या बायका. परळला टाटा हॉस्पिटलसाठी गावाकडून आलेले पेशंट नि नातेवाईक, काही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहतात तर काही चक्क फुटपाथवर. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत ‘दुःखी व निराशांना हिंमत’ आहे ना, तेवढं तरी जमावं असं वाटतं.

खिचडी, केळी वाटून झाली पण रविवारी नि सणाला वाटणारेच इतके असतात की अन्न उरतं, त्यात एका सिस्टरनी सांगितलं की किमोवाल्यांचे काउंट (रक्तातल्या पांढऱ्या पेशी) कमी असतात, त्यांना कच्चं, उघड्यावरचं देऊ नका, तेव्हापासून हात आखडलाय. आठवड्यातली एकच दुपार जमते, लोकलने येतो त्यामुळे जड सामान नको, रोख पैसे नि फोटोबिटो तर नाहीच. देणगी देतोच हो, पण माणसांजवळ बसायचंय.

जे स्वतः तिथे राहिलेत त्यांनी सांगा प्लीज, आठवड्याच्या मधल्या दिवशी खरंच काय कमी पडतं? तोंड आलेल्या पेशंटला घरून शिजवलेलं काय चालतं? आणि संध्याकाळी थोडा हरिपाठ म्हटला तर बरं वाटतं की दमलेल्या माणसांना त्याचा त्रासच होतो?