मॉरिशसची साखर आणि ब्रिटनचा युरोपप्रवेश: जकात माफ झाली, पण कोणत्या मालावरची?

बंदरकर (धागाकर्ता)
१ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात दाखल झाला, तेव्हा जुन्या वसाहतींच्या मालाला लंडनमध्ये मिळणारी सवलत जाऊन समुदायाची सामायिक जकात लागू होणार, हे उघड होते. साखरेवर तर जागतिक भाव आणि युरोपातला भाव यांतील फरक भरून काढणारा अधिभारही होता. मॉरिशसकडे त्या वेळी निर्यातीला साखरेखेरीज फारसे काही नव्हते. तरीही १९७५ च्या लोमे करारातील (समुदाय आणि आफ्रिका, कॅरिबियन व पॅसिफिकमधील, बहुतेक जुन्या वसाहती असलेले देश यांच्यातील व्यापार-करार) साखर प्रोटोकॉलने, म्हणजे साखरेबाबतच्या जोड-कराराने, दरवर्षी सुमारे १३ लाख टन साखर अधिभाराविना आणि हमीभावाने घेण्याचे बंधन समुदायावर घातले, आणि त्यातला सर्वांत मोठा, जवळपास पाच लाख टनांचा वाटा मॉरिशसला मिळाला. गटप्रवेशाने वसाहतींचा माल मरतो, हे सरसकट विधान मला म्हणूनच पटत नाही.

पाचट
हमीभाव कागदावर कच्च्या-पांढऱ्या दोन्ही साखरेला होता; प्रत्यक्षात तो कोणत्या मालाला मिळाला, तेही सांगा. तपकिरी कच्ची साखर मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात जहाजात भरायची आणि ती पांढरी व्हायची थेम्सकाठच्या कारखान्यात. मॉरिशसने निर्यातीसाठी स्वतः मोठ्या प्रमाणावर साखर शुद्ध करायला घेतली ती प्रोटोकॉल २००९ मध्ये संपण्याच्या सुमारास. ज्या कामासाठी आपल्या कोकणातली माणसे गिरमिटावर (मुदतबंद मजुरीच्या करारावर) त्या बेटावर नेली गेली, त्याच कामाला स्वातंत्र्यानंतरही देश बांधलेला राहावा, अशीच ती सवलत होती.

बंदरकर
बांधलेला राहिला, हे मान्य नाही. सरकारने साखरेच्या निर्यातीवर कर बसवला, मळेवाल्यांनी नफ्याचा काही भाग १९७० च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या, केवळ निर्यातीसाठीच्या सवलत-क्षेत्रातील कापड-कारखान्यांत घातला, आणि ते कपडेही लोमे करारामुळेच युरोपात विनाजकात गेले. भारतालाही वेगळ्या करारान्वये छोटा कोटा मिळाला होता, जो पुढे १०,००० टनांवर आला. आपल्या साखरसम्राटांना त्याची आठवणही नसेल, कारण त्यावर आपले पोट नव्हते. मॉरिशसचे होते.

दक्षिणवारा
दोघेही ऑस्ट्रेलियाला विसरलात. राष्ट्रकुलातल्या देशांची साखर ठरलेल्या भावाने घेण्याच्या ब्रिटनच्या १९५१ च्या राष्ट्रकुल साखर करारात तोही होता. ब्रिटनच्या युरोपप्रवेशानंतर मात्र, श्रीमंत देश म्हणून, प्रोटोकॉलमधून त्याला वगळले गेले. पुढे ब्राझील आणि थायलंड यांच्यासह त्यानेच जागतिक व्यापार संघटनेत युरोपच्या साखर-अनुदानांविरुद्ध तक्रार नेली आणि २००५ मध्ये ती जिंकली. त्या दाव्यात एक गमतीचा मुद्दा होता: जुन्या वसाहतींकडून महाग घेतलेल्या साखरेइतकीच साखर युरोप अनुदान देऊन पुन्हा बाहेर विकत होता. निकालानंतरच्या सुधारणांत युरोपातला भाव चार वर्षांत ३६ टक्क्यांनी उतरवला गेला.

पाचट
म्हणजे माझाच मुद्दा आला. 'अनिश्चित काळासाठी' असे लिहिलेला प्रोटोकॉल युरोपने एकतर्फी मोडीत काढला, आणि जकातमाफी शाबूत असूनही मॉरिशसच्या हातची किंमत गेली.

बंदरकर
भावाबाबत आपले म्हणणे मान्य. मात्र १९७३ मध्ये मॉरिशसने प्रोटोकॉलशिवाय दुसरे काय मागायला हवे होते, याचे उत्तर अजून या धाग्यावर कोणी दिलेले नाही.

पाचट
साखर बेटावरच शुद्ध करून पांढरी पाठवण्याचे बळ; पांढऱ्या साखरेची हमी नुसती कागदावर नको होती.