मदत हवी आहे : आगमनकाळात (नाताळाआधीचे सुमारे चार आठवडे) येणारा पॅरिशचा (स्थानिक चर्चचा) सण रविवारी घेता येतो का?

आमच्या पॅरिशचे आश्रयदाते संत फ्रान्सिस झेवियर, म्हणजे सण ३ डिसेंबरला, आणि २०२६ ला तो गुरुवारी येतोय. गेल्या वर्षी बुधवार होता, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) संध्याकाळी ७ ला ठेवून पाहिली पण नोकरीवाले पोचलेच नाहीत, फार वाईट वाटलं. सामान्यकाळातला (आगमन, नाताळ, उपवास, ईस्टर हे काळ सोडून उरलेल्या दिवसांतला) रविवार चालतो हे माहितीये पण २९ नोव्हेंबर आणि ६ डिसेंबर दोन्ही आगमनकाळातले, त्याआधी २२ ला ख्रिस्तराजाचा सण. नोव्हेना (सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना) २४ पासून, ती हलवायची नाहीये. शनिवारी सकाळी सणाची मिस्सा आणि मिरवणूक, असं कुणाच्या पॅरिशमध्ये केलंय का, आणि त्यासाठी बिशपांची परवानगी लागली की फादरांनीच ठरवलं?