मदत हवी आहे : भयपटात तोंडातून निघणारी वाफ खरी कशी दाखवायची?

'द एक्झॉर्सिस्ट' (१९७३) मधली मुलीची खोली आठवतेय? बोलताना सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघते. ती खरी आहे. दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनने खोलीचा अख्खा सेटच वातानुकूलन यंत्रं लावून शून्याच्या खाली गार केला होता. युनिटमधली माणसं जाड कोट घालून वावरत होती आणि त्या मुलीचं काम करणारी लिंडा ब्लेअर मात्र पातळ नाइटगाउनमध्ये! त्या पोरीचं खरंच कौतुक वाटतं.

आम्ही मित्रमंडळी एक छोटा भयपट करतोय. वाफ संगणकावर चिकटवायची नाही, हे पक्कं ठरलंय. अभिनेत्याचा श्वास आणि वाफ यांचा मेळ बसला नाही की सगळी भीती उडून जाते.

सध्या डोक्यात नाशिककडचं द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज आहे. हंगाम संपल्यावर एखादी रिकामी खोली भाड्याने मिळेल का? मागून प्रकाश टाकल्याशिवाय वाफ दिसणार नाही, पण दिव्यांच्या उष्णतेने खोली तापली तर? एलईडीवर भागेल का? आणि बाहेर आल्यावर लेन्सवर दव धरतं, त्याचं काय करता?

कुणी असं शूटिंग केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.