रुगर 10/22 चा ग्रुप 50 यार्डांवर दोन इंचांखाली येईना. नळी बदलू का?

सातारकर_ओहायो
मंडळी, गेल्या वर्षी 10/22 (रुगरची .22 ची सेमी-ऑटो रायफल) घेतली. साधी लाकडी दस्त्याची, पुढे बॅरल बँड असलेली. वाळूच्या पिशवीवर टेकवून 50 यार्डांवर पाच गोळ्या मारल्या की ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, दोन इंच, कधी सव्वादोन. चार जवळजवळ आणि एक भलतीकडेच. गोळ्या पाचशेच्या डब्यातल्या, हाय व्हेलॉसिटी. दुर्बीण शेजाऱ्याने दिलेली, त्याच्या हरणाच्या रायफलवरची. दुकानदार म्हणतो जाड नळी टाक, काम फत्ते. पण एवढं मोठं पार्सल घरात लपून राहायचं नाही, म्हणून आधी इथं विचारतोय.

धूरधडाका
टाकाच. मी 0.920 इंच जाडीची टाकली, मस्त चालते. फक्त ती कंपनीच्या दस्त्यात बसत नाही, मग दस्ताही घ्यावा लागला. मग तो चांगला दिसायला लागला म्हणून दुर्बीण. मूळ रायफलपेक्षा वरचा खर्च जास्त.

नाना_पिट्सबर्ग
सातारकर, पाकीट खिशातच राहू द्या.

आधी एक बघा: ती भलतीकडे जाणारी गोळी दर वेळी पहिलीच असते का? पहिली गोळी आपण बोल्ट (गोळी आत ढकलणारा सरकता भाग) हाताने सोडून भरतो, पुढच्या बोल्ट स्वतःच्या झटक्याने भरतो. दोन्ही चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत, अगदी सारख्या बसतातच असं नाही. टार्गेटशेजारी कागदावर क्रम लिहीत चला. पहिलीच असेल, तर ती मातीच्या बांधात घाला आणि पुढच्या पाचांचा ग्रुप मोजा.

मग गोळ्या. हाय व्हेलॉसिटीची 40 ग्रेन वजनाची गोळी नळीतून साधारण 1250 फूट प्रतिसेकंदाने निघते. आवाजाचा वेग 1125 च्या आसपास, आणि 50 यार्ड गाठेपर्यंत ती त्याच्या खाली उतरलेली असते. त्या उतरणीत ती डगमगते. स्टँडर्ड व्हेलॉसिटी म्हणजे 1070 वगैरे, ती पहिल्यापासूनच खाली असते. चार-पाच कंपन्यांची एकेक डबी आणा. दर डबीच्या सुरुवातीच्या दहाएक गोळ्या मोजू नका, कारण नळीत आधीच्या गोळीचं मेण असतं आणि नवीन मेण बसायला वेळ लागतो. एकाच कंपनीच्या दोन डब्यांतही फरक पडतो, हे मला पटायला तीन वर्षं लागली.

तो पुढचा बँड काढून एकदा मारून बघा. तो नळीला दस्त्याशी आवळतो, आणि लाकूड दमट हवेत फुगलं की दाब बदलतो. दस्त्याचा स्क्रू मात्र दर वेळी सारखाच आवळा. कोणी 15 इंच-पाउंड म्हणतं, कोणी 20. आकडा कुठलाही घ्या, पण एकच. (हे सगळं मॅगझिन काढून आणि चेंबरमध्ये बोट घालून खात्री केल्यावर, हे सांगायला नकोच.)

शेजाऱ्याची दुर्बीण बहुधा 100 यार्डांच्या पॅरॅलॅक्सची असेल, म्हणजे त्याहून जवळच्या टार्गेटवर डोळा हलला की नेम सरकलेला दिसतो. रायफल पिशवीवर ठेवा, हात न लावता डोकं वर-खाली करा. क्रॉसहेअर टार्गेटवर सरकली, तर गाल दर वेळी त्याच जागी टेकवावा लागेल.

आणि नळी साफ करायचा गज! 10/22 च्या रिसीव्हरला (बोल्ट बसतो त्या पेटीला) मागून भोक नाही, त्यामुळे लोक तोंडाकडून गज घालतात आणि नळीच्या तोंडाची कड घासून टाकतात. मीही घासली आहे. तेव्हापासून दोरीचा ब्रश चेंबरकडून घालून ओढतो, तोही क्वचित.

एनसीसीत कोल्हापूरला आम्हाला .22 ची बोल्टवाली मिळायची, पाच गोळ्या मोजून. उस्ताद ओरडायचे, 'शिस्त लो'. शिस्त म्हणजे नेम, हे कळेपर्यंत मला वाटायचं ते आमच्या गोंधळाला ओरडतायत. पाचच गोळ्या मिळाल्या की माणूस घोडा हळू दाबतो. सेमी-ऑटोत दहाची मॅगझिन रिकामी होईपर्यंत बोट थांबत नाही, हा मला तिचा खरा दोष वाटतो. दर गोळीनंतर गाल उचला, श्वास सोडा, परत टेकवा.

बर्फाळ_मिनेसोटा
नानांच्या यादीत एक भर. इथं उणे तापमानात माझी 10/22 स्टँडर्ड व्हेलॉसिटीवर अडते, बोल्ट पुरता मागे जात नाही. बोल्ट नुसत्या दाबानेच मागे ढकलला जातो, त्यात तेल घट्ट झालं की संपलं. तेल पुसून जवळजवळ कोरडी ठेवली की चालते.

सातारकर_ओहायो
दोन शनिवार घालवले. नाना, ती पहिलीच गोळी! बारा ग्रुपांपैकी नऊंमध्ये पहिलीच बाहेर. क्रॉसहेअरही सरकते, चांगली अर्धा इंच. पाच डब्या आणल्या. त्यातली सगळ्यात महाग दोन इंचच देते, आणि मधल्या भावाची एक स्टँडर्ड व्हेलॉसिटी, बँड काढून, सव्वा इंच. एकदा तर इंचाच्या आत, पण तो एकच ग्रुप, म्हणून त्याचा फोटो टाकत नाही.

नळी रद्द. बँडचा स्क्रू मात्र गॅरेजमध्ये कुठंतरी घरंगळला तो सापडतच नाहीये. वेगळा विकत मिळतो का?