बोअरच्या पाण्याला पेट्रोलचा वास, टाकी लीक असंल का?

हायवेला जुन्या पंपाशेजारी आमची बोअर हाय, कोल्हापुरातच, पाऊस लागला की पाण्याला वास मारतोय. पंपवाला म्हणतोय डिपचा (टाकीत पट्टी बुडवून तेल मोजायचा) हिशोब बरोबर हाय. काय करू?

> भावा आधी प्यायचं बंद कर, उकळत बसू नको, बेंझिनची (पेट्रोलमधलं विषारी रसायन) वाफ घरातच पसरंल. डब्ल्यूएचओची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम हाय फक्त. सँपल काचेच्या बाटलीत काठोकाठ भर, बुडबुडा नको, बर्फात ठेवून लॅबला ने.

> बारीक गळती डिपमध्ये कळत नाही, टाकी अन् पाइपलाइनची टेस्ट मागा. पण आपल्याकडं खाली काळा पाषाण, पाणी भेगांतनं कुठंबी पळतं, म्हणून लगेच पंपावर खापर नको. किमान तीन बोअरची पाण्याची पातळी मोजली तर खालचं पाणी कुठल्या दिशेला वाहतंय त्याचा अंदाज येतो. प्रदूषण मंडळाला लेखी द्या, तोंडी सांगून कोण हलतंय!

> पेट्रोल तरंगतं, शेजारची उघडी विहीरबी बघा.